डोक्याचा मार आणि एका खेळाडूची कारकीर्द

बर्फावरची हॉकी आपल्या जिल्ह्यात कोणी खेळत नाही आणि पुढेही कोणी खेळेल असे वाटत नाही. लडाखमध्ये हिवाळ्यात तळी गोठली की तेथील मुले-मुली ती खेळतात, एवढाच आपला या खेळाशी परिचय. तरीही आज या स्तंभात मी कॅनडाच्या एका आइस हॉकीपटूची हकिगत सांगणार आहे. डोक्याला लागलेल्या माराबद्दल आपल्याकडे जेवढे गैरसमज आहेत, तेवढे क्वचितच दुसऱ्या दुखण्याबद्दल असतील. त्या गैरसमजांची किंमत काय पडते, हे या माणसाच्या कारकिर्दीत अगदी स्वच्छ दिसते.

आधी खेळाची थोडी कल्पना देतो. दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद असे बर्फाचे रिंगण, भोवती फळ्यांचे कुंपण आणि त्यावर काच. गोलरक्षक धरून प्रत्येक बाजूला सहा खेळाडू. चेंडूऐवजी कडक रबराची चकती असते, तिला ‘पक’ म्हणतात. तिचे वजन साधारण १५६ ते १७० ग्रॅम, म्हणजे आपल्या क्रिकेटच्या चेंडूएवढेच. पायात पात्यांचे बूट असल्याने खेळाडूला पळण्यापेक्षा कितीतरी अधिक वेग मिळतो आणि दम इतका लागतो, की पाऊण-एक मिनिट खेळून तो बाहेर बसतो व दुसरा आत जातो. मुख्य म्हणजे पक ज्याच्याकडे आहे त्याला अंगाने धडक देणे हे नियमात बसते. अमेरिका व कॅनडा यांच्या ‘नॅशनल हॉकी लीग’मध्ये अनेक वर्षे प्रत्येक संघाला मोसमात ८२ सामने खेळावे लागले, बाद फेरीचे सामने वेगळेच. शंभर किलोचा माणूस त्या वेगाने दुसऱ्या शंभर किलोच्या माणसावर आदळतो तेव्हा काय होत असेल, याचा विचार आपणच करा.

एरिक लिंड्रोस हा १९७३ साली कॅनडातील लंडन या गावी जन्मलेला मुलगा. (हे लंडन इंग्लंडातले नव्हे, ओंटारिओ प्रांतातले.) उंची सहा फूट चार इंच, वजन शंभर किलोच्या वर. पोरवयापासून तो बरोबरीच्या मुलांपेक्षा इतका दांडगा होता, की धडक द्यायची ती त्यानेच. मान खाली घालून, पककडे पाहात तो पुढे घुसे. समोर येणारा बाजूला फेकला जाई. लहान गटात हे चालून जाते. पुढे याच सवयीने त्याचा घात केला, असे अनेक जाणकारांचे मत आहे आणि मलाही ते पटते.

१९९१ साली नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला पहिल्या क्रमांकाने घेण्यात आले. ज्या क्युबेकच्या संघाने घेतले त्यांच्याकडून खेळायला त्याने साफ नकार दिला. वर्षभर तो त्या लीगबाहेर राहिला, १९९२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये कॅनडाकडून रौप्यपदक मिळवले आणि अखेर फिलाडेल्फिया फ्लायर्स या संघाने त्याला घेतले. बदल्यात त्यांनी सहा खेळाडू, पुढच्या निवडीचे हक्क आणि दीड कोटी डॉलर मोजले. एका एकोणीस वर्षांच्या मुलासाठी! १९९५ मध्ये तो लीगचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला, तोवर संघाचा कर्णधारही झाला होता. १९९७ मध्ये त्याचा संघ स्टॅन्ले चषकाच्या अंतिम फेरीत पोचला; तेथे डेट्रॉइटने त्यांना सरळ चार सामन्यांत हरवले. यशाची हकिगत एवढी पुरे. आपला विषय यानंतर सुरू होतो.

मार्च १९९८ मध्ये पिट्सबर्गच्या एका खेळाडूची धडक बसून लिंड्रोसला ‘कन्कशन’ झाले. हा शब्द आता क्रिकेटमुळे आपल्याकडेही ऐकू येतो. मराठीत मी त्याला मेंदूचा हादरा म्हणतो. कवटीच्या आत मेंदू पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोके एकदम थांबले किंवा गर्रकन फिरले, की मेंदू आतल्या आत हलतो, ताणला जातो. हाड मोडत नाही, बहुतेक वेळा रक्तस्राव होत नाही, सी.टी. स्कॅन स्वच्छ येतो. पण मेंदूच्या पेशींचे काम काही काळ विस्कटते. डोके दुखते, भोवळ येते, मळमळते, उजेड आणि आवाज सोसवत नाही, आताच सांगितलेले आठवत नाही, चिडचिड होते, झोप बिघडते. ‘बेशुद्ध पडला नाही ना, मग काही नाही’ हा आपला पहिला गैरसमज. कन्कशन झालेल्यांपैकी बहुसंख्य लोक बेशुद्ध पडतच नाहीत. ‘फोटोत काही निघाले नाही’ हा दुसरा. फोटो काढतात तो रक्तस्राव आहे का हे पाहण्यासाठी. हादरा त्यात दिसत नाही.

आणि तिसरा गैरसमज हेल्मेटचा. लिंड्रोसच्या डोक्यावर प्रत्येक सामन्यात हेल्मेट होते. त्या लीगमध्ये १९७९ पासून नव्या खेळाडूंना ते सक्तीचेच होते. हेल्मेट कवटी वाचवते, जखम वाचवते, जीवही वाचवते. म्हणून दुचाकीवर ते घातलेच पाहिजे, यात शंका नाही. पण आत तरंगणाऱ्या मेंदूला धक्का बसायचा तो बसतोच. अंड्याच्या टरफलाला कितीही कापड गुंडाळा, जोरात हलवले तर आतला बलक हलणारच.

१९९८ च्या त्या माराने तो दीड डझन सामन्यांना मुकला. पुढच्या वर्षी वेगळाच प्रसंग ओढवला. १ एप्रिल १९९९ रोजी नॅशव्हिल येथे सामना झाला, रात्री हॉटेलात त्याच्या छातीत दुखू लागले. सकाळी खोलीतल्या सहकाऱ्याला तो पांढराफटक पडलेला दिसला. रुग्णालयात नेले तेव्हा कळले, की एक फुप्फुस मिटले आहे आणि छातीत रक्त साठले आहे. त्याला विमानाने घरी आणण्याचे संघाच्या मनात होते, असा आरोप त्याच्या घरच्यांनी केला व संघाने तो नाकारला. त्या वादात मी पडत नाही. एवढेच सांगतो, की फुप्फुस फुटून छातीत हवा अडकलेली असताना विमान वर गेले, तर हवेचा दाब कमी होऊन ती अडकलेली हवा आणखी फुगते. ते जिवावर बेतू शकते.

खरे प्रकरण घडले ते २००० साली. मार्चमध्ये बोस्टनविरुद्धच्या सामन्यात त्याच्या डोक्याला मार लागला. तो खेळत राहिला. डोके दुखत होते, मळमळत होते, तरी पुढचेही काही सामने खेळला. संघाच्या वैद्यकीय मंडळींनी अर्धशिशी समजून उपचार केले. शेवटी बाहेरच्या तज्ज्ञाला दाखवले, तेव्हा कन्कशनचे निदान झाले. लिंड्रोसने मग पत्रकारांसमोर संघाच्या वैद्यकीय मंडळींवर उघड टीका केली. त्यावर संघाने काय करावे? त्याचे कर्णधारपद काढून घेतले.

हा निर्णय घेणारे व्यवस्थापक बॉबी क्लार्क हे स्वतः मोठे खेळाडू होते आणि त्यांना लहानपणापासून मधुमेह होता, इन्शुलिनवर चालणारा. या रोगामुळे १९६९ च्या निवडीत पहिल्या फेरीत त्यांना कोणी घेतले नव्हते. त्याच क्लार्क यांनी पुढे कर्णधार म्हणून १९७४ व १९७५ असा लागोपाठ दोनदा स्टॅन्ले चषक जिंकून दाखवला. मधुमेही वाचकांना मी त्यांचे उदाहरण नेहमी देतो. पण एका दुखण्याचा धडा दुसऱ्याला लावता येत नाही. मधुमेहात रक्तातील साखर मोजता येते, इन्शुलिनची मात्रा ठरवता येते, काय खायचे ते सांगता येते. जिद्द आणि शिस्त यांचा तेथे खरोखर उपयोग होतो. मेंदूच्या हादऱ्याला असे माप नाही. रोग्याने ‘डोके दुखते’ म्हणायचे आणि डॉक्टरने त्यावर विश्वास ठेवायचा, एवढेच साधन मुख्यतः हातात असते. ज्या दिवशी खेळाडूला वाटते, की खरे सांगितले तर आपण भित्रे ठरू किंवा कर्णधारपद जाईल, त्या दिवशी ते साधनही जाते.

मे महिन्यात सरावात आणखी एक धडक बसली. तरी अंतिम फेरीचे दार उघडणारी लढत चालू होती. न्यू जर्सीविरुद्धच्या सहाव्या सामन्यात तो परतला आणि त्याने गोलही केला. २६ मे रोजी सातवा, निर्णायक सामना. मान खाली, पक पुढे, नेहमीप्रमाणे तो मधून घुसला. समोरून स्कॉट स्टीव्हन्सचा खांदा त्याच्या जबड्यावर बसला. तो जागच्या जागी कोसळला. १९९८ पासूनचे हे त्याचे सहावे कन्कशन धरले जाते. पंचांनी काही शिक्षा दिली नाही, कारण तेव्हाच्या नियमांप्रमाणे ती धडक चुकीची नव्हतीच.

लिंड्रोस तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. पुढचा सबंध मोसम तो खेळला नाही. नंतर न्यूयॉर्क, टोरांटो, डल्लास अशा संघांकडून खेळला, पण पूर्वीचा दरारा राहिला नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, निवृत्त झाला. एकूण ७६० सामने आणि ८६५ गुण. आकडा लहान नाही, पण त्याच्याकडून अपेक्षा केली होती त्याच्या मानाने अपुरा. त्याचा धाकटा भाऊ ब्रेट याची कथा तर त्याहून आखूड. तोही पहिल्या फेरीत निवडला गेला होता. डोक्याला लागोपाठ बसलेल्या मारांमुळे १९९६ मध्ये, अवघ्या विसाव्या वर्षी, ५१ सामन्यांनंतर त्याला खेळ सोडावा लागला. एकाच घरातले दोघे. आणि ज्याच्या खांद्याने लिंड्रोस कोसळला तो स्टीव्हन्सही शेवटी कन्कशनच्या त्रासानेच २००४ मध्ये बाहेर बसला, तो परत उतरलाच नाही.

आता माझे मत सांगतो. लिंड्रोसला कोणी मुद्दाम छळले असे मला वाटत नाही. चूक रचनेतच होती. ज्याचा पगार संघ देतो, त्याच डॉक्टरने ‘हा खेळणार की नाही’ हे ठरवायचे. आणि सामना निर्णायक असला, की संघाला उत्तर ‘खेळणार’ असेच हवे असते. डॉक्टर प्रामाणिक असला तरी त्याच्या डोक्यावर हे ओझे असतेच. मी स्वतः स्पर्धांच्या मैदानावर डॉक्टर म्हणून बसलो आहे. ‘डॉक्टर, फक्त पाच मिनिटे खेळू द्या’ असे म्हणणाऱ्या माणसांच्या घोळक्यात उभे राहून नाही म्हणणे किती अवघड असते, ते मला ठाऊक आहे. म्हणून डोक्याच्या माराचा निर्णय संघाच्या डॉक्टरकडे, प्रशिक्षकाकडे आणि सर्वांत मुख्य म्हणजे खेळाडूकडे असताच कामा नये. हादरलेल्या मेंदूलाच ‘तू ठीक आहेस का?’ असे विचारणे म्हणजे दारू प्यालेल्याला ‘गाडी चालवशील ना?’ असे विचारण्यासारखे आहे.

त्या लीगलाही हे हळूहळू पटत गेले, पण फार हळूहळू. २०१० मध्ये बाजूने येऊन डोक्यावर मारलेली धडक बेकायदा ठरवली. २०११ पासून संशयित खेळाडूला शांत खोलीत नेऊन डॉक्टरकडून तपासणे सक्तीचे केले. २०१६ पासून न्यूयॉर्कच्या कार्यालयात पडद्यासमोर बसलेल्या निरीक्षकांना खेळाडूला बाहेर काढण्याचा अधिकार मिळाला. यात संघाला विचारावे लागत नाही, हे मला सर्वांत आवडले. मात्र दरम्यान बरेच काही घडून गेले होते. मारामारीसाठीच संघात ठेवलेला डेरेक बुगार्ड हा खेळाडू मे २०११ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी वेदनाशामक गोळ्या आणि दारू यांच्या मिश्रणाने मरण पावला. त्याच्या मेंदूची तपासणी केली तेव्हा वारंवारच्या मारांनी होणारा, मेंदूच्या पेशी कायमच्या झिजवणारा विकार त्यात आढळला. मृत्यूनंतरच निश्चित निदान होते असा हा विकार आहे. २०१८ मध्ये तीनशेहून अधिक माजी खेळाडूंशी लीगने सुमारे एक कोटी नव्वद लाख डॉलरची तडजोड केली, पण जबाबदारी मान्य केली नाही.

‘खेळ म्हटला की मार आलाच, इतका बाऊ केला तर कोणी खेळणारच नाही’ असे म्हणणारे वाचक असतील. त्यांच्यासाठी सिडनी क्रॉस्बीचे उदाहरण देतो. जानेवारी २०११ मध्ये या खेळाडूला चार दिवसांच्या अंतराने दोन मार बसले. पहिल्यानंतर तो खेळत राहिला होता. दुसऱ्यानंतर मात्र त्याला बसवले, ते थेट नोव्हेंबरपर्यंत. परतल्यावर आठ सामन्यांत त्रास पुन्हा सुरू झाला, तर परत मार्चपर्यंत थांबवले. लोक म्हणाले, संपला हा. त्याने २०१६ आणि २०१७ मध्ये संघाला लागोपाठ चषक मिळवून दिले. थांबवल्याने त्याची कारकीर्द बुडाली नाही, उलट वाचली.

आपल्याकडे बर्फ नाही, पण कबड्डीची पकड आहे, चढाई करणाऱ्याच्या कानशिलावर बसणारा गुडघा आहे, दहीहंडीचा थर आहे, आणि रस्त्यावर घसरणारी मोटारसायकल तर रोजचीच आहे. एका मोसमात उपांत्य सामन्यानंतर रात्री एका पोराला त्याचे सवंगडी माझ्याकडे घेऊन आले. तो तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होता, ‘आपण जिंकलो का?’ सवंगडी म्हणाले, ‘उद्या फायनल आहे, ताकदीचे इंजेक्शन द्या.’ मी नकार दिला आणि उद्या खेळायचे नाही हे लिहून दिले. दुसऱ्या दिवशी तो खेळला. करंडकही मिळाला, त्याची बातमी फोटोसकट छापून आली. महिन्याभराने वडील त्याला घेऊन आले. अभ्यासात लक्ष लागत नाही, उन्हात डोके फुटते, धाकट्या बहिणीवर खेकसतो. वडिलांच्या मते सारे मोबाइलमुळे. दोन महिने लागले त्याला सावरायला, आणि तो नशीबवान.

नशीबवान अशासाठी, की पहिला हादरा जिरलेला नसताना दुसरा बसला तर, विशेषतः कोवळ्या वयात, मेंदूला एकदम सूज येऊन मृत्यू ओढवू शकतो. हे क्वचित घडते, पण घडते. कॅनडातच रोवन स्ट्रिंगर ही सतरा वर्षांची रग्बी खेळणारी मुलगी मे २०१३ मध्ये आठवड्याभरात डोक्याला लागोपाठ मार बसून अशीच गेली. तिच्या नावाने ओंटारिओ प्रांताने २०१८ मध्ये कायदा केला. संशय आला तरी खेळाडूला बाहेर काढायचे आणि डॉक्टरच्या परवानगीशिवाय आत घ्यायचे नाही, असा त्याचा सारांश. हा कायदा व्हावा म्हणून झटणाऱ्यांत एरिक लिंड्रोस होता. निवृत्त होताना आपल्या गावच्या रुग्णालयाला त्याने पन्नास लाख डॉलर दिले होते. २०१६ मध्ये त्याला हॉकीच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले आणि २०१८ मध्ये फिलाडेल्फियाच्या संघाने त्याचा ८८ हा क्रमांक सन्मानाने निवृत्त केला. होय, त्याच संघाने.

आपल्या क्रिकेटपटूंपैकी रमण लांबा अनेकांना आठवत असेल. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेट न घालता उभा होता. चेंडू डोक्यावर बसला. तो स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर चालत गेला. तीन दिवसांत मृत्यू. हा हादरा नव्हता, आतला रक्तस्राव होता. पण पहिल्या तासात दोन्ही एकसारखेच दिसू शकतात. ‘चालत आला, बोलला, पाणी प्याला’ यावर विसंबू नये ते याचसाठी.

तेव्हा डोक्याला मार बसलेल्या माणसाला कांदा हुंगवू नका, तोंडावर पाणी मारून उभा करू नका. मान दुखत असेल तर हलवू नका. त्या दिवशी खेळ बंद, गाडी चालवणेही बंद. एकट्याला सोडू नका. डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, झटका आला, हातापायात कमजोरी आली, बोलणे अडखळले, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली, नाकाकानांतून पाण्यासारखे किंवा रक्त आले किंवा हलवूनही नीट जागा होईना, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी मोठ्या रुग्णालयात न्या, सकाळची वाट पाहू नका. डोके दुखते म्हणून ॲस्पिरिन देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. डॉक्टरने रक्तस्रावाची शंका नाही असे सांगितले असेल, तर झोपू द्यायला हरकत नाही. ‘झोपू देऊ नका’ हा सल्ला आता जुना झाला. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, टीव्ही-मोबाइल कमी, मग थोडे चालणे. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर कोंडून ठेवण्याने उलट त्रास लांबतो. आधी शाळा, मग हलका व्यायाम, मग अंगाला अंग न लागता सराव, आणि डॉक्टरने पाहिल्यावर सर्वांत शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. त्रास परत सुरू झाला तर एक पायरी मागे.

कबड्डीच्या मोसमाआधी जिल्ह्यातील मंडळांच्या बैठका होतात. मंडप, बक्षिसे, प्रमुख पाहुणे हे सारे तेथे ठरते. त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट ठरावी असे मला वाटते. मैदानावर एक डॉक्टर असावा, त्याला स्पर्धा समितीने नेमावे, कोणत्याही संघाने नव्हे. त्याने ‘बाहेर’ म्हटले की पंचांनी शिट्टी वाजवावी आणि त्यावर कोणाचेही, प्रमुख पाहुण्यांचेसुद्धा, अपील चालू नये. जे मंडळ असा ठराव करील त्याच्या स्पर्धेला मी बिनमानधन बसायला तयार आहे. माझा दवाखान्याचा पत्ता बहुतेक मंडळांना ठाऊक आहेच.